पांढरीतील बिननोंदीची जागा : घरालगतच्या भूमीवरील मालकी हक्काच्या पुराव्याचा इतिहास

देशावरील कोणत्याही जुन्या गावात घराच्या चार भिंतींबाहेर, परंतु घराच्याच उपयोगाची अशी थोडी जागा असते. कोठे ते मागील परसू असते, कोठे गोठ्याची जागा, कोठे दोन घरांमधील बोळ, तर कोठे पडक्या खोलीचे उरलेले जोते. पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेत गुरे बांधली जातात, सरपण रचले जाते, पावसाळ्यात वळचणीचे पाणी पडते. ती कोणाची, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु वाटणी, विक्री अथवा नवे बांधकाम यांपैकी एखादा प्रसंग आला म्हणजे तो उपस्थित होतो, आणि मग असे आढळून येते की त्या जागेचा सातबारा नाही, खरेदीखत नाही, आणि सरकारी नकाशात तिला स्वतंत्र क्रमांकही नाही. अशा जागेची मालकी कशी सिद्ध व्हावयाची, हा प्रश्न वकिलाचा म्हणून समजला जातो. परंतु नोंद का नाही, आणि नोंद नसताना पूर्वी हक्क कसा ओळखला जात होता, हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. आणि हे दोन्ही प्रश्न इतिहासाचे आहेत.

प्रस्तुत लेखात हा विचार पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील देशावरच्या गावांपुरताच मर्यादित ठेवला आहे. कोकणात घरे वाडीवाडीने विखुरलेली व बहुधा लागवडीच्या जमिनींमध्येच वसलेली असल्यामुळे तेथील प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. एका घराच्या उत्तरेस सहा हात रुंद व वीस हात लांब असा मोकळा पट्टा आहे. हात दीड फुटाचा धरल्यास त्याचे क्षेत्र २७० चौरस फूट, म्हणजे सुमारे पाव गुंठा, होते. शेताच्या हिशेबात एकराचा हा एकशेसाठावा भाग नगण्यच होय. परंतु घराच्या हिशेबात गोठा, न्हाणी व येण्याजाण्याची वाट ही सारी त्यातच असतात.

काळी आणि पांढरी

मराठी गावाची भूमी काळी आणि पांढरी अशा दोन भागांत विभागलेली होती. काळी म्हणजे पिकाऊ रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी या शब्दाने केवळ जागेचा नव्हे, तर तेथे नांदणाऱ्या समस्त ग्रामस्थांचाही बोध होत असे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. काळीतील हक्काचा संबंध राजाच्या साऱ्याशी होता; पांढरीतील हक्काचा संबंध प्रामुख्याने शेजाऱ्याशी आणि गावाशी होता.

त्यामुळे दोन्ही ठिकाणचा पुरावाही भिन्न स्वरूपाचा राहिला. शेताचा उल्लेख कुलकर्ण्याच्या दप्तरात येई, कारण त्यावरील वसुलाचा हिशेब ठेवणे भाग होते. घरठाणाचा उल्लेख कागदावर येई तो बहुतेक तंटा, वाटणी किंवा खरेदी अशा प्रसंगानेच. अशा कागदांत जागेची ओळख क्षेत्रफळापेक्षा चतुःसीमेने करून देण्याकडे कल असे : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस देऊळ. आजच्या वाचकास ही पद्धत ढिसाळ वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्यात एक व्यवस्था अभिप्रेत होती. ज्याचे नाव सीमेवर येई तो शेजारी जिवंत साक्षीदार असे, आणि त्याच्या संमतीवाचून सीमा स्थिर होत नसे. क्षेत्रफळ मोजणारा परका असू शकतो. चतुःसीमा सांगणारा गावचाच असावा लागतो.

तंटा विकोपास गेला तर तो गोतापुढे जाई. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व इतर जाणते लोक बसत. वादीप्रतिवादींची कथने व साक्षी होत आणि निर्णयाचा महजर किंवा निवाडपत्र लिहून दिले जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, त्या काळी हक्काचे मूळ कागदात नव्हते. कागद हा गोताच्या स्मृतीचा उतारा होता. मूळ प्रत लोकांच्या ध्यानात असे.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचेही कारण नाही. गोताची स्मृती सर्वांच्या बाबतीत सारखी दक्ष नसे. गावाच्या शिवेसंबंधी महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. परंतु इतरांच्या सीमा सांगणाऱ्या या माणसाची स्वतःची वस्ती मुख्य पांढरीच्या बाहेर असे. ज्याला सभेत मान, त्याच्या परसवाची आठवण पक्की आणि ज्याला मान नाही, त्याच्या जागेची आठवण पुसट, हा दोष त्या पद्धतीच्या पोटातच होता. पुढे कागदाचे राज्य आले तेव्हा तो नाहीसा झाला नाही. त्याने केवळ रूप पालटले.

नोंद कोठे झाली आणि कोठे झाली नाही

इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर मुंबई सरकारने १८२७ साली आपली विनियमसंहिता जारी केली. तिच्यातील पाचव्या विनियमाने असे ठरविले की, तीस वर्षांहून अधिक काळ मालक या नात्याने अखंड उपभोगलेल्या स्थावरास तो उपभोग हाच हक्काचा पुरेसा पुरावा समजावा. नव्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते की, या मुलखात बहुसंख्य लोकांपाशी मालकीचा कागद नाही. म्हणून कागदाऐवजी काळ हा साक्षीदार त्यांनी मान्य केला.

यानंतर जमीनमोजणीचे युग सुरू झाले. प्रिंगल याची पुणे भागातील पहिली मोजणी व आकारणी अयशस्वी ठरल्यावर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नव्या पद्धतीने काम आरंभिले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस शास्त्रीय रूप आले. तेहतीस फुटी साखळीने शेते मोजण्यात आली, सर्व्हे नंबर पाडण्यात आले, बांध व दगड यांनी हद्दी कायम केल्या गेल्या आणि प्रत्येक नंबरावर आकार बसविण्यात आला. मुंबई इलाख्याच्या इतिहासातील हे प्रचंड कार्य होते. परंतु ते महसुलाचे कार्य होते. गावठाणाभोवती एक रेषा काढून ते समग्र एका तुकड्यासारखे वगळण्यात आले. आतील घरे, अंगणे, बोळ व परडी यांची स्वतंत्र मोजणी करण्याचे प्रयोजनच नव्हते, कारण त्यांच्यावर शेतसारा नव्हता.

आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. काळीतील प्रत्येक गुंठ्याची नोंद झाली आणि पांढरीतील एकाही परसवाची झाली नाही, याचे कारण पांढरीत मालकी नव्हती हे नव्हे. तेथे वसूल नव्हता, हे होय. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची व्यवस्था सुरू झाली आणि पुढे ती जमीन महसूल कायद्यातच समाविष्ट झाली. परंतु तिचा पायाही सर्व्हे नंबर हाच राहिला. म्हणून ज्याला आपण सातबारा म्हणतो तो उतारा गावठाणातील घरास नसतो. ‘सातबारा नाही, अर्थात मालकी नाही’ असे म्हणणारा मनुष्य साऱ्याच्या नोंदवहीस हक्काची नोंदवही समजण्याची चूक करतो.

याच काळात सरकारी हक्काचीही स्पष्ट व्याख्या झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, नद्या, नाले इत्यादी आणि ज्या जमिनी व्यक्तींच्या मालकीच्या नाहीत त्या सर्व सरकारच्या होत, असे ठरविले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तेच तत्त्व २० व्या कलमात आले. या शब्दयोजनेतील ‘ज्या व्यक्तींच्या मालकीच्या नाहीत’ हा अपवाद म्हणजेच सर्व वादाचे मर्म होय. मालकी नोंदलेली नाही आणि मालकी नाही, या दोन विधानांतील अंतर जेथे विसरले जाते, तेथे आपल्या उदाहरणातील सहा हातांचा पट्टा आपोआप सरकारजमा दिसू लागतो. कलेक्टरने चौकशी करून निर्णय दिल्यावर त्याविरुद्ध दिवाणी दावा लावण्यास एक वर्षाची मुदत आहे. पिढ्यांची वहिवाट एका वर्षाच्या गाफीलपणाने गमावली जाऊ शकते, हे यावरून ध्यानी येईल.

खरेदीखताचा अभाव

सर्व्हेची नोंद नसेल, तर निदान नोंदलेले दस्त तरी असावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. तिचीही तपासणी केली पाहिजे. दस्तनोंदणीचा कायदा १८६४ साली झाला व तो पुढील वर्षापासून अमलात आला. मालमत्ता हस्तांतराचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ५४ व्या कलमान्वये शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होऊ शकते. त्याखालील किमतीची विक्री मात्र प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते. आता त्या काळी खेड्यातील पाव गुंठा परसवाची किंमत शंभर रुपयांच्या मर्यादेत सहज बसण्याजोगी होती. अशा जागेची देवघेव पंचांसमक्ष तोंडी झाली, तरी तीत कायद्याचे उल्लंघन नव्हते.

दुसरे असे की, घरालगतच्या जागा बहुधा विकत घेतलेल्या नसतात. त्या वाटणीने येतात. हिंदू एकत्र कुटुंबाची वाटणी तोंडी होऊ शकते आणि तोंडी वाटणीस नोंदणी लागत नाही. भावाभावांनी घराचे खण वाटून घेतले, मधे भिंत घातली, एकाकडे पुढील ओटा व दुसऱ्याकडे मागील परसू गेले, आणि कागद मुळीच झाला नाही, हा सामान्य प्रकार होता. तात्पर्य, या वर्गाच्या जागांपुरता दस्ताचा अभाव हा संशयास्पद नव्हे, तर अपेक्षित आहे. संशोधकाने ज्या ठिकाणी कागद असावयास हवा होता तेथील मौन आणि ज्या ठिकाणी कागदाची आवश्यकताच नव्हती तेथील मौन, यांत भेद केला पाहिजे.

पुराव्याचे तारतम्य

मग अशा जागेबाबत कोणता पुरावा ग्राह्य मानावयाचा? सर्वांत प्रथम पुढे केला जातो तो ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. त्यांचे मोल आहे, पण ते मर्यादित आहे. पावतीवरून कर कोणी भरला व म्हणून बहुधा कब्जा कोणाचा होता, एवढे दिसते. मालकी सिद्ध होत नाही. महसुली फेरफाराच्या नोंदीने हक्क निर्माणही होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. कराच्या उताऱ्यास त्याहून अधिक बळ असू शकत नाही. शिवाय त्या उताऱ्यात घराचा उल्लेख असतो, पण लगतच्या मोकळ्या जागेचा बहुधा नसतो.

त्याहून मौलिक पुरावा बहुधा दुर्लक्षिला जातो. तो म्हणजे शेजाऱ्याचा दस्त. आपल्या उदाहरणात उत्तरेकडील शेजाऱ्याने समजा पन्नास वर्षांपूर्वी आपले घर विकले किंवा गहाण टाकले. त्या खतात त्याने आपली दक्षिण सीमा कोणती सांगितली? ‘दक्षिणेस अमक्याचे परसू’ असे असेल, तर ते शब्द वाद उत्पन्न होण्यापूर्वी, वादाचा हेतू मनात नसताना, आणि लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध लिहिले गेले आहेत. ‘दक्षिणेस बोळ’ असे असेल, तर प्रकरण वेगळे होते. इतिहासाच्या अभ्यासकास ही कसोटी परिचित आहे : हेतुपुरस्सर दिलेल्या साक्षीपेक्षा अहेतुक साक्ष अधिक विश्वसनीय असते. चतुःसीमेची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते ती या कारणाने.

तिसरा पुरावा भूमीवरचाच असतो. जोत्याची ओळ कोठवर जाते, पट्ट्याकडे दार कोणाच्या घराचे उघडते, मोरीचे पाणी कोठे जाते, कुंपणाची भिंत कोणाच्या घराशी सांधलेली आहे, या गोष्टी बोलक्या असतात. मात्र येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. वळचणीचे पाणी एखाद्या जागेत पडते किंवा तीतून येजा होते, एवढ्यावरून ती जागा आपली ठरत नाही. तो सुविधाधिकार असू शकतो. १८८२ चा यासंबंधीचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. त्यान्वये वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगाने वाट, उजेड, पाणी सोडणे इत्यादी अधिकार मिळतात, परंतु जमीन दुसऱ्याचीच राहते. वाटेचा हक्क व मातीचा हक्क हे भिन्न आहेत. अनेक दावे निष्फळ होतात ते पुरावा नसल्यामुळे नव्हे, तर सुविधेचा पुरावा मालकीचा म्हणून पुढे केल्यामुळे.

चौथा पुरावा प्रत्यक्ष कब्जाचा. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११० व्या कलमात असे तत्त्व होते की, वस्तू ज्याच्या कब्जात आहे तो मालक नाही असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याचा भार असतो. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. १८२७ च्या विनियमातील विचाराचीच ही दूरची भावंडे होत.

काळाचा हक्क आणि त्यातील विसंगती

वहिवाटीचा विचार करताना दोन भिन्न कल्पनांची गल्लत होते. एक, जुनी मालकी, जिचा वहिवाट हा केवळ पुरावा आहे. आणि दुसरी, प्रतिकूल कब्जा, ज्यात वहिवाटीने दुसऱ्याची मालकी नष्ट होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने स्थावराच्या दाव्यास बारा वर्षांची मर्यादा घातली. मुदत संपताच केवळ दावाच नव्हे तर मूळ हक्कही संपुष्टात येतो, हे तत्त्व १८७१ च्या कायद्याने आले आणि १९६३ च्या कायद्याच्या २७ व्या कलमात ते आजही आहे. सरकारविरुद्धची मुदत १९०८ च्या कायद्यात साठ वर्षे होती. १९६३ साली ती तीस वर्षे झाली. प्रतिकूल कब्जाच्या आधारे वादी म्हणूनही दावा आणता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला.

परंतु प्रतिकूल कब्जा सांगणे म्हणजे जागा मुळात दुसऱ्याची होती हे पत्करणे होय. तो उघड, अखंड व मूळ मालकाच्या हक्कास विरोधी असावा लागतो. परवानगीने केलेली वहिवाट कितीही दीर्घ असली, तरी तिचे मालकीत रूपांतर होत नाही. ज्याच्या पूर्वजांस ती जागा वाटणीत आली त्याने वडिलोपार्जित मालकीचा हक्क बाजूस सारून प्रतिकूल कब्जाचा आश्रय घेणे म्हणजे स्वतःच्या घरात चोरवाटेने शिरण्यासारखे आहे. उलटपक्षी, शेजाऱ्याने सौजन्याने गुरे बांधू दिलेल्या जागेवर हक्क सांगणे हा त्या सौजन्याचा अपहार होय. या दोहोंत निवाडा करण्यास वर्षांची संख्या अपुरी पडते. वहिवाट कोणत्या नात्याने झाली, हे पाहावे लागते. जुन्या गोतास हे नाते ठाऊक असे. कागदावरून ते शोधून काढणे हे आजचे अवघड काम आहे.

नकाशाचे आगमन

गावठाणांची तपशीलवार मोजणी पूर्वी मुळीच झाली नाही असे नाही. १८७९ च्या कायद्यात तशी तरतूद होती, १९६६ च्या संहितेच्या १२६ व्या कलमात ती आहे, आणि शहरे व मोठी गावे यांत नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. परंतु असंख्य लहान गावांची पांढरी अमोजितच राहिली. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना घोषित केली. तीनुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून घरमालकांस मिळकत पत्रिका देण्याचे कार्य सुरू झाले. १८४७ च्या अहवालाने जे वगळले ते पूर्ण करण्याचा हा उपक्रम म्हणता येईल, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि आकाशातून काय दिसते, याचा विचार करणे अगत्याचे आहे. छप्पर दिसते, भिंत दिसते, मोकळी जागा दिसते. ती मोकळी जागा कोणाची, हे दिसत नाही. तो निर्णय जमिनीवरील चौकशीतच व्हावा लागतो, आणि तेथे पुन्हा गावाची स्मृती, उपस्थित शेजारी व हाती असलेले कागद यांचीच कास धरावी लागते. ज्याची उपस्थिती त्याचीच आठवण, असे झाल्यास जुनाच दोष नव्या पत्रिकेवर कायमचा उमटेल. मुंबईस पोटासाठी गेलेल्या कुटुंबाचे बंद घर, कराच्या नोंदीत जिचे नाव कधी लागलेच नाही अशी विधवा, गावकुसाबाहेरची वस्ती, यांच्या परसवांची साक्ष कोण देणार? पूर्वी नोंद नव्हती, म्हणून चुकीची नोंदही नव्हती. आता चुकीची नोंद झाली, तर तिच्या विरुद्ध पुरावा देण्याचा भार खऱ्या मालकावर पडेल, आणि जसजसा काळ जाईल तसतसा तो भार वाढत जाईल.

या दृष्टीने इतिहासाच्या अभ्यासकांपुढे एक निकडीचे कार्य आहे. खाजगी दप्तरांतील घरठाणांची खते, वाटणीच्या याद्या, गहाणखते व निवाडपत्रे आजवर वतनांच्या व घराण्यांच्या इतिहासासाठी वाचली गेली. त्यांतील चतुःसीमेच्या ओळी आपण बहुधा ओलांडून पुढे गेलो. त्या ओळी आता गावागावांनुसार संकलित करून ठेवल्या पाहिजेत, कारण पांढरीच्या अमोजित काळातील शेजाऱ्यांच्या साक्षी त्यांतच सुरक्षित आहेत. प्रत्येक नोंदवही वाचताना ती कोणी, कशासाठी ठेवली व तीत काय वगळले, हे विचारण्याची शिस्त इतिहासाने आपणांस लावली आहे. घराच्या उत्तरेकडील सहा हातांच्या पट्ट्याचा न्याय होतानाही हीच शिस्त पाळली जावी. त्या पट्ट्याविषयी दप्तर गप्प आहे. परंतु ते दप्तर साऱ्याचे होते आणि त्या पट्ट्यास सारा नव्हता, हे चौकशी करणाऱ्याने निर्णय लिहिण्यापूर्वी ध्यानी घेतले पाहिजे.